उतारा मागितला म्हणून सातबारा बदलत नाही

पेण तालुक्याच्या खारेपाटात ज्या घराची थोडीफार भातशेती आहे, त्या घरातल्या मुलाला कळायला लागल्यापासून एक वाक्य ऐकू येते, "आधी उतारा काढून आण." सोसायटीचे पीककर्ज काढायचे असो, भावकीत वाटणी करायची असो, नाहीतर बांधावरून शेजाऱ्याशी वाजलेले असो, सातबाऱ्याचा उतारा लागतोच. पूर्वी त्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. आता डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. एका गटाचा उतारा वर्षातून वीस वेळा काढा, पेणच्या भाच्याने काढा की रोह्याच्या मामाने काढा, त्या गटाचे क्षेत्र गुंठाभर हलत नाही आणि मालकाच्या नावाची वेलांटीही बदलत नाही. उतारा मागणे म्हणजे फक्त विचारणे.

बदल करायचा असेल तर वाट वेगळी आहे. वडील गेले, वारसांची नावे लावायची आहेत, तर नुसता उतारा मागून भागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. मग कलम १५० प्रमाणे नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, जाते. तिची प्रत चावडीवर लागते, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस निघते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसेल किंवा तिचा निकाल लागला असेल, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग कुठे सातबाऱ्यावर नवे नाव चढते. जुने नाव खरवडून काढत नाहीत, ते कंसात जाते. ज्या फेरफाराने हा बदल झाला त्याचा क्रमांक शेजारी राहतो. उताऱ्यावरचे असे क्रमांक मागे मागे वाचत गेले, की तीन पिढ्यांचा इतिहास हाती लागतो.

ही व्यवस्था मला इथे सांगायची आहे ती डेटाबेसमधली एक गोष्ट समजावण्यासाठी. एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा शिकणारी मुले एका ठिकाणी हमखास अडतात. त्यांनी एक फंक्शन लिहिलेले असते, त्यात टेबलमध्ये एखादी ओळ घालायची किंवा एखादा आकडा बदलायचा असतो, आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सरळ नकार देतो. एरर क्रमांक ४४३. त्याचा मराठीत अर्थ असा, की फंक्शनच्या आत 'इन्सर्ट' हा साइड इफेक्ट घडवणारा ऑपरेटर वापरता येणार नाही. हा नकार फंक्शन चालवताना येत नाही, त्याच्याही आधी येतो. असे फंक्शन तयारच होत नाही. मुले वैतागतात. जे प्रोसीजरमध्ये चालते ते फंक्शनमध्ये का नाही, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि "नियमच तसा आहे" एवढ्यावर त्यांची बोळवण करणे मला पटत नाही. नियमामागे कारण आहे, आणि ते एकदा कळले की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

आधी फंक्शन आणि प्रोसीजर यांतला फरक. फंक्शनला काही माहिती द्यायची, ते त्यावरून एक उत्तर देते. मूर्तीची उंची आणि प्रकार सांगितला तर किंमत सांगणारे, ग्राहकाचा क्रमांक दिला तर त्याची बाकी सांगणारे. त्याची खरी सोय अशी, की ते क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीच्या, पोटात बसते. "बाकी पाच हजारांहून जास्त असलेले सगळे ग्राहक दाखव" असे म्हणताना ती बाकी काढण्याचे काम फंक्शन करते. प्रोसीजर क्वेरीच्या पोटात बसत नाही. ती स्वतंत्रपणे, नाव घेऊन चालवावी लागते, आणि तिच्यात टेबलमध्ये भर घालणे, बदल करणे, खोडणे हे सगळे करता येते. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर फंक्शन म्हणजे उतारा, प्रोसीजर म्हणजे फेरफार.

आता 'क्वेरीच्या पोटात' याचा अर्थ नीट पाहायला हवा, कारण सगळे मर्म तिथेच आहे.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. १९७४ मध्ये आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यावर चालणारी सीक्वेल नावाची भाषा मांडली. आजच्या एसक्यूएलचे मूळ ते. या भाषेचा स्वभाव असा, की तिच्यात काय हवे ते सांगायचे, कसे आणायचे ते सांगायचे नाही. पेणमध्ये, किंवा तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागात गणपतीचा कारखाना पाहिला असेल तर हे चटकन कळेल. श्रावणात कारखाना मूर्तींनी गच्च भरलेला असतो. मांडण्यांवर, माळ्यावर, पडवीत, जिथे जागा मिळेल तिथे मूर्ती. काही अजून पांढऱ्याच, काहींचे अंग रंगवून झालेले, काही डोळ्यांच्या आखणीसाठी थांबलेल्या. मालक सांगतो, "रोह्याच्या गाडीतल्या मूर्ती एका बाजूला काढा." आधी माळा बघायचा की पडवी, एकाने बघायचे की चौघांनी वाटून घ्यायचे, हे मालक सांगत नाही. कारागिरांना जागा ठाऊक असते, ते त्या दिवशीचा सोयीचा मार्ग धरतात. उद्या मांडणी बदलली तर मार्ग बदलेल, पण बाजूला निघणाऱ्या मूर्ती त्याच असतील.

डेटाबेसमध्ये हे कारागिराचे काम ऑप्टिमायझर करतो. टेबलमध्ये ओळी किती, इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या क्रमवार सूच्या) कोणते, मेमरी किती मोकळी, हे पाहून तो कामाचा आराखडा ठरवतो. आज एक, उद्या दुसरा. ही मोकळीक त्याला दिली म्हणूनच कोट्यवधी ओळींतून हवी ती ओळ क्षणात मिळते. पण मोकळीक देताना आपण एक गृहीत धरलेले असते, की बघण्याने काही बदलणार नाही. कोणत्या क्रमाने बघितले, किती वेळा बघितले, याने फरक पडत नसेल तरच बघणाऱ्याला मोकळे सोडता येते.

समजा त्याच कारखान्याच्या बुकिंगसाठी आपण एक छोटा डेटाबेस केला. बुकिंगच्या टेबलमध्ये ३०० ओळी आहेत, त्यातल्या ४० रोह्याच्या. दुसऱ्या एका टेबलमध्ये एकच ओळ आहे, शेवटचा पावती क्रमांक ११७. एकाने फंक्शन लिहिले, 'पुढचा क्रमांक'. ते ११७ वाचते, त्यात एक मिळवते, ११८ परत लिहून ठेवते आणि ११८ हे उत्तर देते. दिसायला निरुपद्रवी. प्रत्येक दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये कधी ना कधी कुणाला तरी हे सुचतेच. मग क्वेरी लिहिली, की रोह्याची बुकिंगे दाखव आणि प्रत्येकापुढे 'पुढचा क्रमांक' दाखव. क्षणभर धरून चालू, की डेटाबेसने याला परवानगी दिली.

ऑप्टिमायझरने आधी रोह्याच्या ४० ओळी वेगळ्या काढल्या आणि मग फंक्शन चालवले, तर ११८ ते १५७ असे ४० क्रमांक जातील. त्याला आधी सगळ्या ३०० ओळींवर फंक्शन चालवणे आणि मग रोह्याच्या गाळून घेणे सोयीचे वाटले, तर ३०० क्रमांक खर्ची पडतील आणि पडद्यावर मात्र ४०च दिसतील, तेही मधले मधले सुटलेले. यादी त्याच क्रमांकाने लावून मागितली आणि फंक्शन दोन ठिकाणी लिहिले, तर एकेका ओळीसाठी ते दोनदा चालू शकते. फंक्शनला बाहेरून काहीच माहिती दिलेली नाही, तेव्हा त्याचे उत्तर सगळ्या ओळींना एकच असणार, असेही डेटाबेस समजू शकतो. तसे झाले तर ते एकदाच चालेल आणि चाळीसही पावत्यांवर ११८ छापला जाईल. काम चार प्रोसेसरवर वाटले गेले तर दोघे एकाच वेळी ११७ वाचतील आणि दोघेही ११८ देतील. यातल्या कोणत्याही प्रकाराला डेटाबेसची चूक म्हणता येणार नाही. त्याने आपले काम नियमाने केले.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी मालकाने नुसती यादी पाहिली, पाहून बंद केली, तरी पावतीपुस्तकाची ४० पाने फाडल्यासारखी गेली. दुपारी मुलाने पाहिली, आणखी ४० गेली. बघण्याने बदल होतो म्हटल्यावर कुणालाच निर्धास्तपणे बघता येत नाही. सातबाऱ्याचा उतारा काढला की दर वेळी एक गुंठा कमी होतो, असे असते तर उतारा काढायला कोण धजावले असते?

बघता बघता बदलण्यातला दुसरा एक धोका संगणकशास्त्रात 'हॅलोवीन प्रॉब्लेम' या नावाने प्रसिद्ध आहे. सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये चेंबरलिन, पॅट सेलिंजर आणि मॉर्टन ॲस्ट्राहान एका साध्या क्वेरीवर काम करत होते. २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्या सगळ्यांना दहा टक्के वाढ द्यायची होती. क्वेरी चालली, एररही आली नाही, पण नंतर पाहतात तो यादीतल्या सगळ्यांचे पगार २५,००० च्या घरात पोचलेले. झाले होते असे, की डेटाबेस पगाराच्या चढत्या क्रमाने लावलेल्या इंडेक्सवरून ओळी शोधत होता. एकाचा पगार वाढला की त्याची ओळ इंडेक्समध्ये पुढे सरकायची आणि शोधत शोधत पुढे जाणाऱ्या डेटाबेसला ती पुन्हा भेटायची. पुन्हा दहा टक्के. असे करत करत मर्यादा ओलांडेपर्यंत. ही गोष्ट लक्षात आली तो दिवस ३१ ऑक्टोबर, म्हणजे त्यांच्याकडच्या हॅलोवीनचा होता, म्हणून ते नाव पडले. भुताखेताचा त्यात संबंध नाही.

कारखान्यात हे रोज घडू शकते. पांढऱ्या मूर्ती किती उरल्या हे एक जण मोजतो आहे आणि त्याच वेळी दुसरा रंगवलेल्या मूर्ती या मांडणीवरून त्या मांडणीवर हलवतो आहे. मोजणाऱ्याला एखादी मूर्ती दोनदा भेटते, एखादी भेटतच नाही. तेव्हा जाणता मालक सांगतो, मोजणी होईपर्यंत हात लावू नका. डेटाबेसनेही पुढे हेच केले. बदल करणारी क्वेरी असेल तर गरज पडेल तिथे आधी सगळ्या ओळी ठरवून बाजूला घ्यायच्या आणि मगच बदलायला हात घालायचा. हे त्याला जमते, कारण बदल करणार आहे हे क्वेरीच्या पहिल्या शब्दातच उघड असते. फंक्शनच्या पोटात लपवलेला बदल असेल तर त्याला आधी कळायचे कसे?

वेगवेगळ्या डेटाबेसनी या प्रश्नावर वेगवेगळे निर्णय घेतले. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वापरकर्त्याने स्वतः फंक्शन लिहिण्याची सोय २००० सालच्या आवृत्तीत आली, आणि पहिल्या दिवसापासून तिचा नियम कडक आहे. कायमच्या टेबलमध्ये भर नाही, बदल नाही, खोडणे नाही. तात्पुरत्या टेबललाही हात लावता येत नाही, कारण ती फंक्शनच्या बाहेर, त्या जोडणीच्या मालकीची असतात. साठवलेली प्रोसीजर आतून चालवता येत नाही, नाहीतर मागच्या दाराने बदल आत आला असता. मुभा आहे ती फंक्शनच्या स्वतःच्या टेबल व्हेरिएबलवर लिहिण्याची. हिशेबाच्या कच्च्या कागदासारखे ते. काम संपले की कागद गेला, वहीला धक्का नाही. या मुभेवरून कळते, की लिहिण्यालाच विरोध नाही. फंक्शन संपल्यावर मागे काही उरता कामा नये, एवढेच म्हणणे आहे.

याच नियमाच्या टोकाला असलेली एक गोष्ट मुलांना नेहमी चकवते. यादृच्छिक आकडा देणारे रँड हे तयार फंक्शन आपल्या फंक्शनच्या आत वापरले तरीही ४४३ येतो. आकडा तर नुसता वाचायचा आहे, मग साइड इफेक्ट कसला? तर असा, की रँड प्रत्येक उत्तर देताना आतला एक काटा पुढे सरकवते आणि पुढचे उत्तर त्या काट्यावरून ठरते. बाहेर कुठे तरी खूण उरतेच. २००० च्या आवृत्तीत आजची तारीख-वेळ देणारे गेटडेटही चालत नसे. २००५ पासून ते चालू लागले. ते काटा सरकवत नाही, नुसते घड्याळाकडे पाहते, हा फरक तेव्हा मान्य झाला असावा असे मला वाटते.

ओरॅकलचा मार्ग जरा वेगळा. तिथे फंक्शनमध्ये बदलाचे वाक्य लिहू देतात. ते फंक्शन स्वतंत्र चालवले तर कामही करते. पण तेच क्वेरीच्या आतून बोलावले की एरर येतो, क्रमांक १४५५१, क्वेरीच्या आत बदल करता येणार नाही. ओरॅकलचा आणखी एक एरर आहे, क्रमांक ४०९१. ज्या टेबलमध्ये बदल चालू आहे तेच टेबल त्या बदलातून चाललेल्या फंक्शनने किंवा ट्रिगरने (बदल झाला की आपोआप चालणाऱ्या प्रोसीजरने) वाचू पाहिले की तो येतो. तिथे इंग्रजीत शब्द आहे 'म्यूटेटिंग टेबल'. आपल्या महसूल खात्यात फेरफाराला इंग्रजीत 'म्यूटेशन' म्हणतात, हे तहसील कचेरीत खेपा घातलेल्या कुणालाही ठाऊक असते. म्हणजे ओरॅकल जणू म्हणतो आहे, की या टेबलचा फेरफार चालू आहे, नोंद प्रमाणित होईपर्यंत उतारा मिळणार नाही. दोन अगदी वेगळ्या क्षेत्रांनी एकाच अडचणीसाठी एकच शब्द निवडला, याचे मला फार अप्रूप वाटते.

मायएसक्यूएलमध्ये फंक्शनला बदल करता येतो. पण ज्या क्वेरीने फंक्शन बोलावले ती जे टेबल वापरते आहे, त्याच टेबलला हात लावता येत नाही, तिथे एरर १४४२. शिवाय फंक्शनच्या आत कमिट, म्हणजे बदल पक्का करण्याचे काम, करता येत नाही.

पोस्टग्रेसने मात्र निर्णय लिहिणाऱ्यावर सोपवला आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. तिथे प्रत्येक फंक्शनवर तीनपैकी एक शिक्का असतो. व्होलाटाइल म्हणजे दर वेळी उत्तर बदलू शकते, डेटाही बदलू शकतो. काही सांगितले नाही तर हाच शिक्का बसतो. स्टेबल म्हणजे एका क्वेरीपुरते तेच उत्तर. इम्युटेबल म्हणजे तीच माहिती दिली की कायम तेच उत्तर. नंतरच्या दोन शिक्क्यांच्या फंक्शनमध्ये इन्सर्ट लिहिले तर नकार मिळतो. पण अशा फंक्शनने दुसऱ्या एखाद्या व्होलाटाइल फंक्शनला बोलावले आणि त्याने बदल केला, तर पोस्टग्रेस अडवत नाही. शिक्का हा लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे, आणि डेटाबेस त्या शब्दावर विसंबून आराखडे आखतो.

शब्द खोटा ठरला तर काय होते, ते आपल्याच जिल्ह्यावरून पाहू. तालुक्याचे नाव दिले की जिल्ह्याचे नाव सांगणारे एक फंक्शन आहे असे धरा. 'पेण' दिले की 'कुलाबा', 'रोहा' दिले की 'कुलाबा'. लिहिणाऱ्याने विचार केला, तालुका काही जिल्हा बदलत नाही, आणि इम्युटेबलचा शिक्का मारून टाकला. त्या भरवशावर डेटाबेसने त्याच्या उत्तरांचा इंडेक्स बांधून ठेवला. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. मूळ टेबलमध्ये नाव बदलले, फंक्शनही आता 'रायगड' म्हणते, पण इंडेक्समध्ये आधीच लिहून ठेवलेली उत्तरे 'कुलाबा'च राहिली. मग 'रायगड' म्हणून शोधले तर पेण आणि रोहा दोन्ही सापडत नाहीत, आणि एररही येत नाही. चुकीचे उत्तर शांतपणे मिळणे हा डेटाबेसमधला सर्वांत महागडा दोष आहे, कारण तो महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच मला एसक्यूएल सर्व्हरचा तोंडावर दिलेला नकार पोस्टग्रेसच्या विश्वासापेक्षा बरा वाटतो, निदान शिकणाऱ्यासाठी तरी.

या कडकपणाचे फळ पुढे एकोणीस वर्षांनी मिळाले, आणि त्यात पवईच्या आयआयटीचा वाटा आहे. एसक्यूएल सर्व्हरची फंक्शने सोयीची खरी, पण फार संथ. ओळीगणिक एकदा चालायची आणि त्यांच्यामुळे सगळी क्वेरी एकाच प्रोसेसरवर अडकून राहायची. जगभरचे सल्लागार सांगत, की मोठ्या टेबलवर फंक्शन वापरूच नका. आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन यांच्याकडे पीएचडी केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'फ्रॉइड' नावाची पद्धत तयार केली. फंक्शनच्या आतली वाक्ये उलगडून ती बाहेरच्या क्वेरीतच विणून टाकायची, म्हणजे फंक्शन असे वेगळे उरतच नाही आणि ऑप्टिमायझरला सगळे काम एकसंध दिसते. एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये ती सोय आली. वर्षानुवर्षे चालत आलेली कितीतरी फंक्शने, आत एक अक्षर न बदलता, वेगाने धावू लागली. हे शक्य झाले, कारण ती फंक्शने काही बदलत नाहीत याची खात्री होती. त्यांच्यात लपलेले इन्सर्ट असते तर त्यांना उलगडून क्रम बदलायची कुणाची छाती झाली नसती. आजही गेटडेट वापरणारे फंक्शन या पद्धतीने उलगडले जात नाही.

तरी लोक पळवाटा काढतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फंक्शनच्या आतून ओपनक्वेरीने आपल्याच सर्व्हरला परका सर्व्हर म्हणून फोन लावायचा आणि त्याच्याकडून बदल करून घ्यायचा, किंवा एक्सपी कमांडशेलने बाहेरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला कामाला लावायचे. असा बदल मूळ ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे सगळे एकदम पुरे किंवा एकदम रद्द होणाऱ्या कामाच्या, बाहेर पडतो. मूळ काम रद्द झाले तरी तो रद्द होत नाही. मूळ कामाने एखादी ओळ कुलूपबंद करून ठेवली असेल आणि बाहेरून आलेली विनंती तीच ओळ मागत असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. ओरॅकलमध्ये 'ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन' ही अधिकृत सोय आहे. कोणी काय पाहिले याची नोंद ठेवण्यासाठी ती योग्यच आहे, कारण मूळ काम फसले तरी ती नोंद राहायलाच हवी. पण पावती क्रमांक वाढवण्यासाठी तिचा आधार घेणे चूक. चावडीवर नोटीस न लावता, मंडळ अधिकाऱ्यांना न दाखवता सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवण्यासारखे ते आहे. नाव चढेल, पण तो फेरफार कुणी केला, कधी केला, हे विचारायची वेळ आली की उत्तर मिळणार नाही.

मग पावती क्रमांक द्यायचा कसा? त्याला दोन मार्ग आहेत आणि निवड कामावरून करायची. क्रमांक फक्त वेगळा असला म्हणजे पुरे, मधले सुटले तरी चालतील, तर सीक्वेन्स, म्हणजे पुढचा क्रमांक देणारी डेटाबेसची तयार सोय, वापरा. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये ती पूर्वीपासून आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून. सीक्वेन्स एकदा दिलेला क्रमांक परत घेत नाही. काम रद्द झाले तर तो क्रमांक कायमचा गेला. एसक्यूएल सर्व्हर ती फंक्शनच्या आत चालवू देत नाही, आणि आता त्याचे कारण सांगायला नको.

पण रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत माल पुरवणारा व्यापारी असेल, तर त्याला जीएसटीचे बीजक काढावे लागते. सीजीएसटी नियमावलीच्या नियम ४६ प्रमाणे बीजकाला सोळा अक्षरांपर्यंतचा, त्या आर्थिक वर्षात एकमेव असलेला, सलग क्रमांक लागतो. सलग म्हटले की मधला क्रमांक गळून चालत नाही. तिथे प्रोसीजर लिहायची. ट्रान्झॅक्शन सुरू करायचे, क्रमांकाची ओळ एकाच अपडेटमध्ये वाढवायची आणि त्याच वाक्यातून नवा आकडा घ्यायचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठी आउटपुट हे कलम २००५ पासून आहे. वाचणे आणि लिहिणे एकाच वाक्यात झाल्याने मध्ये दुसरा कुणी घुसत नाही. लगेच बीजकाची ओळ घालायची आणि मग कमिट. मध्येच वीज गेली, जोडणी तुटली, तरी क्रमांक आणि बीजक दोन्ही एकदम मागे येतात. दुसरा कारकून त्याच क्षणी बीजक काढत असेल तर त्याला पहिल्याचे कमिट होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. सलग क्रमांकाची ती किंमत आहे, आणि ती द्यावीच लागते.

बाकी काढणे, किंमत सांगणे, पेणची किती बुकिंगे आणि रोह्याची किती हे मोजणे, ही सगळी कामे मात्र बिनदिक्कत फंक्शनकडे द्या. ती कितीही वेळा, कोणत्याही क्रमाने चालली तरी उत्तर बिघडत नाही. आणि नावे ठेवताना थोडी काळजी घ्या. फंक्शनचे नाव 'बाकी', 'किंमत', 'शिल्लक' असे उत्तराचे ठेवा. प्रोसीजरचे नाव 'पावती_काढा', 'बुकिंग_रद्द_करा' असे कामाचे. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी ते वाचले तरी कोणते नुसते विचारते आणि कोणते बदलते, हे नावावरूनच कळेल.

डेटाबेस शिकणाऱ्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी पडद्यावर ४४३ दिसला, तर इंटरनेटवर पळवाट शोधायच्या आधी तुमच्या फंक्शनमधली बदलाची ओळ तिथून उचला, तिची स्वतंत्र प्रोसीजर करा आणि फंक्शनला फक्त विचारण्यापुरते ठेवा. आणि शक्य झाले तर त्या रात्री घरी गेल्यावर आजोबांच्या पेटीतला जुना सातबारा काढून त्याच्यावरचे फेरफार क्रमांक त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या.